घावनासाठी थांबावे लागते

अंजनवेलला आम्ही पोहोचलो तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. आदल्या रात्रीचा मुक्काम गुहागरला होता. गोपाळगड पाहायचा, टाळकेश्वराचे देऊळ आणि दीपगृह करायचे आणि ऊन चढण्यापूर्वी परतायचे, असा बेत. डिसेंबरचा गारवा अजून झाडांखाली रेंगाळत होता आणि पोटात मात्र काहीच नव्हते. रस्त्यालगत एका घराच्या पडवीत चार टेबले मांडलेली दिसली. बाहेर फलक होता. पोहे, उपमा, मिसळ, डोसा आणि सगळ्यांत खाली मोठ्या अक्षरांत चायनीज.

आम्ही डोसा मागवला. यजमानीणबाई बाहेर आल्या आणि ओशाळून म्हणाल्या, "डोशाचं पीठ थंडीनं वर आलं नाही हो आज. पोहे करून देते, चालतील ना?"

पोह्यांना हो म्हणणार तेवढ्यात मागच्या स्वयंपाकघरातून चर्र असा आवाज आला आणि पाठोपाठ तापलेल्या तव्यावर तांदळाचे पीठ पडल्यावर येतो तो ओलसर, गोडसर वास. उंबऱ्यावर शाळेच्या गणवेशातली एक मुलगी ताटलीतले पांढरे, जाळीदार काहीतरी चटणीला लावून खात होती.

"काकी, ते काय आहे?"

"ते होय? घावन. घरच्यांसाठी टाकलेत. तुम्हाला कसले आवडतायत ते?"

आम्ही आग्रह धरला. "मग थोडं थांबावं लागेल, एकेकच होतो," असे बजावून त्या आत गेल्या. पुढे अर्धा तास आमच्या ताटलीत एकेक घावन येत राहिला. पहिल्या घावनाबरोबर ओल्या खोबऱ्याची हिरवी चटणी आली, दुसऱ्याबरोबर गूळ घातलेला नारळाचा रस. तिसऱ्याच्या वेळी गोपाळगडाचा बेत तासभर पुढे ढकलला गेला होता. फलकावर ज्याचे नाव नव्हते, तो पदार्थ त्या सहलीत सर्वांत लक्षात राहिला. आणि तिथेच एक प्रश्न पडला. कोकणात घरोघरी होणारा हा पदार्थ कोकणातल्याच खाणावळीच्या फलकावर का नसावा?

नाव हरवलेले गाव

अंजनवेल हे तसे नाव झाकले गेलेलेच गाव. वाशिष्ठी नदी जिथे समुद्राला मिळते त्या दाभोळ खाडीच्या दक्षिण काठावर, गुहागर तालुक्यात ते वसले आहे. समोरच्या, उत्तरेच्या काठावर दाभोळ. खाडीच्या मुखावर नजर ठेवणारा गोपाळगड आदिलशाही, शिवशाही, सिद्दी, आंग्रे आणि पेशवे अशा अनेकांच्या हातांतून गेला. तुळाजी आंग्रे यांनी तो सिद्दीकडून घेतला आणि त्याला गोपाळगड हे नाव मिळाले. १८१८ मध्ये पेशवाईबरोबर तोही इंग्रजांकडे गेला.

गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात हा परिसर जगभर गाजला तो 'दाभोळ वीज प्रकल्प' म्हणून. एन्रॉन कंपनीचा तो वादग्रस्त प्रकल्प. २००१ मध्ये वीजनिर्मिती थांबली, त्याच वर्षाच्या डिसेंबरात एन्रॉनची अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर झाली आणि २००५ मध्ये प्रकल्पासाठी रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी स्थापन झाली. परंतु हा प्रकल्प दाभोळला नाही. तो खाडीच्या अलीकडे, अंजनवेल-वेलदूरच्या परिसरात आहे. जमीन इकडची आणि नाव पलीकडचे.

घावनाचेही काहीसे असेच झाले आहे. मुंबई-पुण्याच्या उपाहारगृहांत 'नीर डोसा' मोठ्या आवडीने खाल्ला जातो. तो कर्नाटकाच्या किनाऱ्यावरचा, तुळुनाडूचा पदार्थ. 'नीर' म्हणजे पाणी, पाण्यासारख्या पातळ पिठाचा डोसा. तो घावनाचा सख्खा भाऊच. तिकडच्या उपाहारगृहांनी आपला पदार्थ नावासकट शहरात नेला. आपला घावन मात्र घरातच राहिला आणि आता मराठी माणूसच मुलांना सांगतो, "घावन म्हणजे आपला नीर डोसा रे."

पीठ साधे, हात अवघड

घावनाला लागते काय? तांदूळ, पाणी, मीठ आणि तव्याला पुसायला तेल. बस्स. तांदूळ चार-पाच तास भिजवून बारीक वाटावा, किंवा घाई असेल तर तांदळाचे पीठ पाण्यात कालवावे. आंबवायचे नाही, उडीद नाही, सोडा नाही. म्हणूनच थंडीत डोशाचे पीठ रुसले तरी घावनाचे काही अडत नाही. मात्र घटक जितके थोडे तितकी चूक लपवायला जागा कमी.

पहिली गोष्ट तांदळाची. पेजेला उकडा तांदूळ लागतो, घावनाला न उकडलेला, ज्याला तळकोकणात सुरय म्हणतात तो. तांदूळ जुना असेल तर उत्तम. नव्या तांदळाचा घावन चिकट होतो आणि तव्यावरून सुटताना रडवतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. पीठ ताकाइतके पातळ हवे. तांदळात गव्हासारखा चिकटपणा नसतो. गव्हाच्या पिठात ग्लुटेन नावाचे प्रथिन असते, ते ताणले जाते, धरून ठेवते. तांदळाच्या घावनाला धरून ठेवतो तो फक्त शिजलेला स्टार्च. पातळ पीठ कडक तव्यावर पडताच त्यातल्या पाण्याची वाफ होते, ती वाफ पिठाला भेदून वर येते आणि तिच्या वाटा उघड्याच राहतात. तीच घावनाची जाळी. पीठ घट्ट असेल तर वाफेला वाट मिळत नाही आणि घावनाऐवजी तांदळाची जाड भाकरी होते. तवा थंड असेल तर पीठ जाळी धरण्याऐवजी तव्यालाच धरते.

तिसरी गोष्ट हाताची. डोशाचे पीठ मधोमध ओतून वाटीने बाहेर पसरतात. घावनाचे पीठ पसरता येत नाही, कारण तव्याला टेकताक्षणी ते थिजते. म्हणून ते बाहेरच्या कडेने गोल ओतत आत यायचे आणि राहिलेल्या फटी थेंबाथेंबाने भरायच्या. तांदळाचे कण जड असल्याने लगेच तळाशी बसतात. त्यामुळे दर वेळी पीठ खालपासून ढवळून घ्यावे लागते. न ढवळता घातले तर पहिले घावन पाणचट आणि शेवटचे दगडासारखे होतात.

चौथी गोष्ट तव्याची. अंजनवेलच्या त्या स्वयंपाकघरात बिडाचा तवा होता, वर्षानुवर्षांच्या तेलाने काळाभोर झालेला. तापलेल्या बिडावर तेलाचा पातळ थर पुन्हा पुन्हा भाजला गेला की त्याचा एक गुळगुळीत लेप तयार होतो आणि पदार्थ चिकटत नाही. काकी अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवत होत्या. वर झाकण ठेवायचे, मिनिटा-दीड मिनिटात कडा सुटतात. कालथा घालायचा, घडी घालायची. उलटायची गरजही पडत नाही. त्या हसून म्हणाल्या, "पहिला बिघडतोच. तो तव्याचा. दुसऱ्यापासून माणसांचे."

मोठे कुटुंब

तव्यावर पीठ घालून केलेल्या तिखटमिठाच्या पदार्थांचे आपल्याकडे मोठे कुटुंब आहे आणि गाव बदलले की त्याचा चेहरा बदलतो. तळकोकणात, सिंधुदुर्गात गेले की आंबोळी भेटते. तांदळाबरोबर उडीद आणि थोडे मेथीदाणे भिजवून, वाटून रात्रभर आंबवायचे. आंबोळी जाड, मऊ आणि किंचित आंबूस. काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर किंवा कोंबडीच्या रश्शाबरोबर ती खावी. खापरोळीही आंबवलेल्या पिठाची, पण ती गुळाच्या नारळरसात बुडवून खायची. तिच्या नावातच खापर आहे. गोव्यात पोळे आहेत. घाट चढून देशावर आले की तांदूळ मागे पडतो आणि ज्वारी, बेसन, मूग यांचे धिरडे येते. भाजणीचे थालीपीठ तर ओतायचेही नाही, थापायचे. शेतात जे पिकते ते तव्यावर येते, असा हा सरळ हिशेब आहे.

घावनातही घराघरांत फरक आहेत. पावसाळ्यात वेलीवर काकड्या लागल्या की किसलेली काकडी पिठात जाते. कुणी कांदा-मिरची घालते. गौरीच्या सणाला कोकणात अनेक घरांत घावन-घाटल्याचा नैवेद्य असतो. घाटले म्हणजे गूळ आणि नारळाचे दूध घालून शिजवलेली दाटसर गोड लापशी. माहेरवाशीण गौरीला पक्वान्नांऐवजी घावन वाढणाऱ्या कोकणाने या पदार्थाला किती मान दिला होता, हे वेगळे सांगायला नको.

या मानाला एक सामाजिक बाजूही आहे. कोकणातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत राबले. गावी घर, शेत, गुरे आणि म्हातारी माणसे सांभाळली ती बायकांनी, मनिऑर्डरीची वाट पाहत. घरचा तांदूळ, परसातला नारळ आणि विकत आणावे लागते ते फक्त मीठ-तेल, असा घावन त्या घरांचा आधार होता. आज तो पाहुण्यापुढे ठेवायला संकोच वाटतो, त्याचे मूळ बहुधा इथेच आहे. गरजेच्या दिवसांचे अन्न पाहुण्याला कसे द्यायचे?

हिरोशिमाचा तवा

या संकोचावर एका दूरच्या गावाने कशी मात केली, हे काही वर्षांपूर्वी जपानच्या प्रवासात पाहायला मिळाले होते. घावन खाताना त्याची आठवण सारखी येत राहिली.

जपानात ओकोनोमियाकी नावाचा पदार्थ आहे. 'ओकोनोमी' म्हणजे आवडीप्रमाणे आणि 'याकी' म्हणजे भाजलेले. गव्हाचे पीठ, कोबी, अंडे आणि आपल्याला आवडेल ते घालून तव्यावर केलेले जाड तिखटमिठाचे धिरडे, असे त्याचे मराठीत वर्णन करता येईल. पण ओसाकात आणि हिरोशिमात तो सारखा नाही. ओसाकाकडे कोबी, पीठ, किसलेला कंद आणि अंडे एकत्र कालवून तव्यावर घालतात. हिरोशिमाकडे आधी पिठाचा कागदासारखा पातळ गोल पसरतात, त्यावर चिरलेल्या कोबीचा डोंगर, मोड आलेली कडधान्ये, डुकराच्या मांसाचे काप रचतात, सगळे उलटे करून कोबी वाफेवर बसवतात, शेजारी नूडल्स परततात, त्यावर हा डोलारा चढवतात, शेवटी अंडे आणि वर गोडसर काळा रस. टोकियोकडे मोंजायाकी आहे, इतका पातळ की छोट्या कालथ्याने तव्यावरूनच खरवडून खायचा. एकाच घराण्यातले हे तीन पदार्थ, आणि आपलाच खरा यावर त्या त्या शहराचे लोक हिरिरीने वाद घालतात.

हिरोशिमाचा हा पदार्थ काही राजवाड्यातून आलेला नाही. युद्धापूर्वी पिठाचा पातळ पापुद्रा आणि वर थोडा पाला, असा एका पैशाचा मुलांचा खाऊ तिथे मिळे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी शहरावर अणुबॉम्ब पडला. त्यानंतरच्या उपासमारीत तांदूळ दुर्मीळ होता, अमेरिकेच्या मदतीतून गव्हाचे पीठ येत होते. लोखंडी पत्र्यावर ते पीठ पातळ पसरून, स्वस्त कोबीने पोट भरेल असा त्याचा डोंगर करून लोक जगले. युद्धात कर्ता पुरुष गमावलेल्या अनेक बायकांनी घराच्या पुढच्या खोलीत तवा मांडून अशी दुकाने चालवली, असे तिथे सांगतात.

म्हणजे हेही गरजेचेच अन्न, बायकांनीच सांभाळलेले. आज मात्र हिरोशिमाला गेलेला प्रवासी ते खाल्ल्याशिवाय परतत नाही. शहराच्या मध्यभागी 'ओकोनोमिमुरा', म्हणजे ओकोनोमीचे गाव, नावाची एक इमारतच आहे. तिच्या मजल्यांवर वीसहून अधिक छोटी दुकाने दाटीवाटीने उभी आहेत. प्रत्येकात एक लांबलचक तवा आणि तव्याच्या कडेलाच गिऱ्हाइकांची बाके. माझ्यापुढे पदार्थ तयार व्हायला पंधरा मिनिटे तरी लागली असतील. पण ती वाट पाहणे नव्हते, तो एक खेळ होता. कोबी खाली बसताना पाहायचा, बाईंच्या हातातले दोन कालथे पाहायचे, शेजारच्या अनोळखी माणसाशी हातवाऱ्यांनी बोलायचे. पदार्थ झाला की तो ताटलीत येत नाही, तव्यावरच आपल्या बाजूला सरकतो आणि शेवटच्या घासापर्यंत गरम राहतो.

हिरोशिमाने काय केले, तर तवा पुढे आणला. आपण तो मागे ठेवला आहे.

अडते कुठे?

घावन खाणावळीत का मिळत नाही, याचे उत्तर चवीत नाही, वेळेत आहे. पोहे पन्नास माणसांचे एका पातेल्यात होतात आणि तासभर झाकून ठेवता येतात. इडली एका वेळी चाळीस उतरते. घावन मात्र एका तव्यावर एका वेळी एकच. झाकण, सुटणे, घडी आणि तवा पुन्हा पुसणे धरून दोन ते तीन मिनिटे. चार माणसांना तीन-तीन द्यायचे तर बारा घावन, म्हणजे अर्धा तास. करून ठेवावेत तर गरम घावन एकमेकांना चिकटतात आणि गार झालेले वातड होतात. सकाळी वीस जणांची बस येऊन थांबली आणि 'लवकर द्या, पुढे जायचंय' अशी हाक आली की कोणतीही शहाणी गृहिणी पोह्यांचेच पातेले चढवील. तिला दोष कसा द्यायचा?

दोष असलाच तर तो आपल्या प्रवासाच्या तऱ्हेचा आहे. एका दिवसात तीन देवळे, दोन किल्ले आणि एक समुद्रकिनारा उरकणारा पर्यटक जेवणातही उरकतोच. शिवाय तो मागतो तेच जे त्याला घरी मिळते. कोकणात येऊन पनीर मागणाऱ्या गिऱ्हाइकासाठी फलकावर पनीर लिहिले जाते. 'निवास-न्याहारी' या नावाने राज्यात घरगुती पर्यटन रुजले. त्यातला निवास घरचा राहिला, न्याहारी मात्र हळूहळू सगळीकडची झाली.

यात पणाला लागले आहे ते केवळ आपल्या जिभेचे चोचले नाहीत. भातशेती परवडत नाही म्हणून कोकणात कितीतरी खाचरे पडीक आहेत. वालय, मुणगा यांसारखे स्थानिक तांदूळ मूठभर घरांपुरते उरले आहेत. तांदळाचा पदार्थ विकला गेला तर स्थानिक तांदळालाही गिऱ्हाईक मिळेल. हापूसला नाव मिळाले तसे घावनाच्या तांदळाला का मिळू नये? दुसरे असे, की घावन घालण्याची कला कुठल्याही पुस्तकात बसत नाही. ती हातातून हातात जाते. उंबऱ्यावर बसलेली ती मुलगी घावन खाते आहे, पण तिला तो घालता येईल का, हे आजच्या गिऱ्हाइकावरही अवलंबून आहे. ज्याचे मोल बाहेर होत नाही, ते घरातही फार काळ टिकत नाही.

दोघांनी करायच्या गोष्टी

उपाय फार मोठे नाहीत. खाणावळवाल्यांनी फलकावर एक ओळ लिहावी: 'घावन मिळेल, वेळ लागेल.' एकाऐवजी दोन-तीन बिडाचे तवे लावावेत आणि जमल्यास ते पडवीत, गिऱ्हाइकासमोर मांडावेत. शहरांत भरणाऱ्या बचतगटांच्या खाद्यजत्रांत हा प्रयोग पाहायला मिळतो. तिथे समोर तव्यावर घावन आणि आंबोळ्या घालणाऱ्या बायकांपुढे लोक आनंदाने रांग लावतात. तोच माणूस गावी गेल्यावर मात्र घाईत असतो. समोर तवा असला की घाई आपोआप कमी होते.

आणि प्रवाशाने काय करावे? मुक्काम असेल तर आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवावे, म्हणजे तांदूळ भिजत घालता येतो. 'काय काय मिळेल?' असे न विचारता 'तुमच्याकडे आज घरी काय केलंय?' असे विचारावे. एकदम सगळ्यांना एकाच वेळी मिळावे, हा आग्रह सोडावा. जसा येईल तसा, वाटून खावा. पातळ नारळरस असेल तर घावनाची घडी त्यात बुडवून लगेच तोंडात टाकावी, फार वेळ ठेवली तर विरघळते. आणि पैसे देताना पोह्यांच्या दराने हिशेब करू नये. तव्यापुढे उभे राहण्याचा अर्धा तासही त्यात धरावा.

निघताना आम्ही काकींना म्हटले, "फलकावर घावन लिहा ना." त्या पदराने कपाळ पुसत म्हणाल्या, "लिहिलं तर थांबणार कोण?"

गोपाळगडावर पोहोचलो तेव्हा ऊन चांगलेच चढले होते. बुरुजावरून खाडीचे मुख, पलीकडचे दाभोळ आणि अलीकडे प्रकल्पाच्या चिमण्या एकाच नजरेत आल्या. किल्ला घाईघाईनेच पाहावा लागला, त्याची थोडी चुटपुट लागली. पण किल्ला पुढच्या वेळीही तिथेच असणार आहे. त्या पडवीमागचा तवा असेलच, याची खात्री मात्र देता येत नाही. काकींच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे ते पुढच्या वेळी तिकडे जाणाऱ्या आपण सर्वांनी.